आफ्रिकेच्या रानात मुक्काम कुठे करावा?



आफ्रिकेच्या रानात तंबू ठोकून राहणे ही गोष्ट आता राजेरजवाड्यांपुरती उरलेली नाही. द्राक्षा-डाळिंबाचे चार पैसे गाठीला असलेली मंडळी, मुले परदेशी नोकरीला असलेले आईवडील, असे कितीतरी लोक पुण्या-मुंबईच्या सहल कंपन्यांबरोबर केनियाला जाऊन येतात. मुंबईहून नैरोबी विमानाने सहा तासांच्या आसपास. घड्याळ अडीच तास मागे केले की झाले. आमचे धाकटे जावई तिकडे नोकरीला असल्यामुळे गेल्या ऑगस्टात आम्हा उभयतांनाही हा योग आला.

जाण्याआधी महिनाभर घरात एकच चर्चा होती : रानात राहायचे कुठे? जाहिराती पाहाव्यात तर प्रत्येक तंबू दुसऱ्यापेक्षा देखणा. कुठे पितळी घंगाळ, कुठे नदीकाठी पलंग, कुठे चांदण्यात जेवण. चांगल्या कॅम्पचा दर माणशी एका रात्रीला चाळीस-पन्नास हजार रुपयांपासून लाखाच्या वर जातो. एवढा पैसा घालवायचा तर माल पारखून घ्यायला हवा. बैल घेताना आपण शिंगांचा रंग पाहून पैसे मोजत नाही. दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. कॅम्पची पारख तशीच करता येते. त्यातली पहिली खूण शेतकऱ्याला सहज कळणारी आहे : तो तंबू कुणाच्या जमिनीवर उभा आहे, आणि त्या जमिनीच्या धन्याला काय मिळते?

मुलूख कसा आहे

केनियाच्या नैर्ऋत्येला, टांझानियाच्या हद्दीला लागून मसाई मारा हे राखीव रान आहे. क्षेत्र सुमारे १,५१० चौरस किलोमीटर. हद्दीपलीकडचे टांझानियाचे सेरेंगेटी याच्या जवळजवळ दहापट. मध्ये कुंपण नाही. विषुववृत्त जवळ असले तरी उंची पाच हजार फुटांच्या आसपास आणि त्याहून अधिक, त्यामुळे पहाटे स्वेटर लागतो. जमीन बऱ्याच भागात आपल्यासारखीच काळी आणि चिकण. पाऊस पडला की गाडीची चाके रुततात. झाडे बाभळीच्या जातकुळीतली, माथा छत्रीसारखा सपाट. बाकी नजर पोचेल तिथवर गवत.

या गवतामागे दरसाल दहा लाखांहून अधिक विल्डेबीस्ट आणि लाखांवारी झेब्रे व हरणे फिरतात. विल्डेबीस्ट म्हणजे तोंडाने गाईसारखे, मानेवर आयाळ आणि पाठ मागे उतरती असे ओबडधोबड जनावर. जानेवारी ते मार्च या काळात हे कळप सेरेंगेटीच्या दक्षिणेला वितात. मग पावसामागे वर सरकत जुलैच्या सुमारास मारा नदी ओलांडून केनियात येतात आणि ऑक्टोबरपर्यंत राहतात. नदीत मगरी टपलेल्या असतात. हा देखावा पाहायला जगभरचे लोक येतात.

या कळपांचे आपल्या धंद्याशी एक जुने नाते आहे. आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी बुळकांडीचे नाव असे. तीच बुळकांडी १८९० च्या दशकात पूर्व आफ्रिकेत पसरली आणि मसाईंची गुरे, विल्डेबीस्ट, रानम्हशी सरसकट मेल्या. पुढे गुरांना लस टोचणे सुरू झाले. गुरांतला रोग आटोक्यात आला तसा रानातलाही हटला, आणि १९६० च्या सुमारास अडीच लाखांच्या घरात असलेले विल्डेबीस्ट १९७० च्या दशकाअखेर बारा लाखांच्या वर गेले. २०११ साली बुळकांडी जगातून संपल्याचे जाहीर झाले. म्हणजे रानातली ही गर्दी गुरांच्या दवाखान्याचेही देणे आहे.

उलटही घडते. विल्डेबीस्टच्या नुकत्याच जन्मलेल्या वासरांपासून गुरांना एक जीवघेणा ताप लागतो. म्हणून वितीच्या माळांपासून मसाई आपली गुरे काही महिने दूर ठेवतात, चांगले गवत डोळ्यांदेखत सोडून. रान आणि गोठा इतके शेजारी असतात, हे तिथे गेल्यावर पटते.

तंबू म्हणजे काय

तंबू म्हटल्यावर जत्रेतली राहुटी डोळ्यांसमोर आणू नका. जाड कापडाची प्रशस्त खोली, खाली लाकडी ओटा, आत पलंग, मच्छरदाणी, मागे जोडून संडास-मोरी. सौर विजेवर दिवे. अनेक कॅम्पांत अंघोळीचे पाणी नळाला नसते. आपण सांगायचे, की बाहेरून माणूस वर टांगलेल्या डब्यात गरम पाणी ओततो आणि आपण आत झारीखाली उभे राहायचे. एका डब्यात अंघोळ उरकते. दुष्काळी भागातल्या आपल्या घरांना हे शिकवावे लागत नाही. रात्री अंथरुणात गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवलेली असते. आमच्या मंडळींचा पाय तिला लागला तेव्हा त्या किंचाळल्या. पुढच्या रात्री मात्र आठवणीने मागून घेतली.

अशा कॅम्पांना बहुधा कुंपण नसते. अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर पडायचे नाही. रखवालदार बॅटरी घेऊन नेतो आणि आणतो. रात्री पाणघोडे चरायला येतात, तरस ओरडते. भीती वाटते, पण तंबूची चेन लावून आत राहिले तर धोका नसतो. ज्यांना रात्री तीनदा उठावे लागते त्यांनी संडास तंबूला जोडून आहे याची आधीच खात्री करावी.

दोन मुक्कामांतला फरक

पहिल्या दोन रात्री आम्ही राखीव रानाच्या एका फाटकाबाहेर स्वस्तातल्या लॉजवर काढल्या. खोल्या स्वच्छ, जेवण पोटभर, चपाती आणि चहाही. हे दोन्ही शब्द तिकडच्या स्वाहिली भाषेत मुरले आहेत. मोटारीला ते ‘गारी’ म्हणतात आणि दुकानाला ‘दुका’, त्यामुळे परके वाटत नाही. पण सकाळी सहाला फाटकावर गाड्यांची रांग लागलेली. एक सिंहीण दिसली तेव्हा मी भोवतालच्या गाड्या मोजल्या, त्या सत्तावीस भरल्या. ती उठून गवतात शिरली की सगळ्या गाड्या तिच्यामागे. तिला त्या दिवशी शिकार साधली नसावी.

पुढच्या दोन रात्री आम्ही राखीव रानाला लागून असलेल्या नाबोइशो नावाच्या भागात होतो. याला तिकडे ‘कॉन्झर्व्हन्सी’ म्हणतात. आपल्या भाषेत, जमीनमालकांनी मिळून राखलेले रान. सुमारे पन्नास हजार एकर जमीन आणि मालक पाचशेहून अधिक मसाई. कॅम्प मोजकेच. एका जनावराजवळ चार-पाच गाड्यांहून जास्त थांबायच्या नाहीत, हा नियम. आम्ही तीन सिंहांपाशी पाऊण तास होतो आणि दुसरी एकच गाडी आली. राखीव रानात पायी फिरता येत नाही, रात्री गाडी नेता येत नाही. इथे रखवालदाराबरोबर दोन्हीला मुभा आहे.

आमचा वाटाड्या तिशीतला मसाई. मला तो ‘म्झे’ म्हणे. वडीलधाऱ्या माणसाला तिकडे असेच म्हणतात. त्याने पहिला प्रश्न केला, “म्झे, तुमच्याकडे गाई किती?” आमच्या मंडळींनी सांगितले, “एक गाय आणि दोन म्हशी.” म्हशीचे नाव ऐकताच त्याने गाडी थांबवली. त्याच्या मुलखात म्हैस म्हणजे माणसाला शिंगावर घेणारे रानटी जनावर. तिच्या कासेखाली बसून दूध काढतात, हे त्याला शपथेवर सांगावे लागले.

वाटेत गुरांचा कळप लागला. वशिंड, लोंबती पोळी, तांबूस रंग. चेहरा ओळखीचा वाटला. तो म्हणाला, “सहिवाल.” आपल्याकडचीच ही जात १९३० च्या दशकापासून केनियात नेली गेली, नैवाशा येथे तिचे सरकारी पैदास केंद्र आहे, आणि मसाईंनी आपल्या छोट्या वशिंडी गाईंशी तिचा संकर करून दूध आणि वजन वाढवले आहे. त्या कळपापासून कोसभरावर चित्ता बसला होता. हे दोन्ही एकाच माळावर कसे नांदतात, हा माझा प्रश्न होता. उत्तर जमिनीच्या कागदात होते.

सात-बारा वेगळा झाल्यावर

मसाई हा मुळात गुराखी समाज. १९६८ च्या कायद्यानंतर त्यांच्या जमिनी गटागटाने सामायिक नावावर झाल्या. पुढे त्यांच्या वाटण्या झाल्या आणि एकेका कुटुंबाच्या नावावर तुकडा आला. ऐकायला तो शंभर-दीडशे एकर असतो, पण पावसावरचा माळ आहे, हे ध्यानात ठेवावे. आपल्याकडे खातेफोड झाली की बांध येतो, तसे तिथे तारेचे कुंपण आले. काहींनी जमिनी विकल्या. नारोकच्या बाजूला बड्या शेतकऱ्यांनी माळ खंडाने घेऊन ट्रॅक्टरने गहू पेरला. गहू पेरण्यात गैर काही नाही. ज्याला ज्यात पैसा त्याने ते करावे. पण लोइताच्या माळावर कायम राहणारे विल्डेबीस्ट १९७७ ते १९९७ या वीस वर्षांत चौथाईच्याही खाली आले.

तेव्हा काही कॅम्पवाले आणि जमीनमालक एकत्र बसले. शेजारशेजारच्या मालकांनी आपले तुकडे जोडून कॅम्पवाल्यांना खंडाने द्यायचे, कुंपण घालायचे नाही, नांगरायचे नाही. कॅम्पवाल्यांनी ठरलेला खंड नियमित भरायचा, मग पाहुणे येवोत न येवोत. मालकी मालकाचीच. २००५-०६ मध्ये ओल किन्येई, ओलारे ओरोक असे भाग झाले, २०१० मध्ये नाबोइशो. २०१३ च्या वन्यजीव कायद्याने अशा रानांना मान्यता मिळाली. खंड थेट खात्यावर जमा होतो. आमच्या वाटाड्याच्या वडिलांची जमीन त्यातच होती. त्या पैशातून धाकट्या बहिणीची शाळेची फी जाते, असे तो म्हणाला. सिंहाने गाय मारली तर आजही त्याचा संताप होतो. पण भाला उचलण्याआधी माणूस महिन्याच्या खंडाचा विचार करतो.

हे सारे गोड आहे असे मात्र समजू नका. काही कुटुंबांना वर्षानुवर्षांची वस्ती उठवून बाहेर जावे लागले. सुरुवातीला काही ठिकाणी गुरांना बंदी झाली आणि दुष्काळात गवत समोर दिसत असून गुरे उपाशी राहिली. नाबोइशोसारख्या ठिकाणी आता पाळीपाळीने, ठरवून दिलेल्या पट्ट्यात गुरे चारू देतात. जमिनीचे कागद बहुतेक पुरुषांच्या नावावर, त्यामुळे खंडाचा पैसा बाईच्या हाती येईलच असे नाही. आणि २०२० साली कोरोनाने पाहुणे बंद झाले तेव्हा खंडातही कपात झाली. एकाच पिकावर विसंबणाऱ्याचे जे होते तेच.

कॅम्पवाल्यांतही सगळे सारखे नाहीत. कळपांच्या वाटेवर, नदीच्या अगदी काठाला तंबू ठोकण्याची चढाओढ आहे. २०२५ साली मारा रानात उघडलेल्या एका बड्या कॅम्पवरून स्थानिक मसाई कोर्टात गेले होते. जनावरांची वाट अडते, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून देखणा तंबू नेहमी चांगल्या जागीच असतो असे नाही.

ठरवण्याआधी विचारायचे प्रश्न

पैसे भरण्याआधी सहल कंपनीला किंवा थेट कॅम्पला खालील प्रश्न लेखी विचारावेत. मुलांना सांगितले तर ती ई-मेलने पाठवतील.

१. कॅम्प कुणाच्या जमिनीवर आहे? राखीव रानात, फाटकाबाहेर की मालकांच्या कॉन्झर्व्हन्सीत? खंड ठरलेला आहे की पाहुण्यांच्या संख्येवर? ठरलेला असेल तर मालकाला आधार असतो.

२. एका तंबूमागे जमीन किती? चांगल्या कॉन्झर्व्हन्सीत तंबूमागे साडेतीनशे एकर किंवा अधिक जमीन राखतात आणि कॅम्प लहान ठेवतात. तंबू कमी तितकी शांतता जास्त.

३. गुरांना चराई आहे का, आणि सिंहाने गुरू मारल्यास भरपाईची किंवा मजबूत जाळीच्या गोठ्याची काही सोय आहे का?

४. पाणी कुठून येते, आणि सांडपाणी कुठे जाते? विहिरीचे की नदीचे, शोषखड्डा आहे की नाही, कचरा परत शहराकडे नेतात की तिथेच पुरतात? वीज सूर्यावर की रात्रभर धडधडणाऱ्या जनित्रावर?

५. कामावर कोण आहे? वाटाडे, स्वयंपाकी, रखवालदार आसपासच्या वस्त्यांतले किती? बायकांना काम आहे का? त्यांचे मण्यांचे दागिने विकले जातात, त्याचा पैसा कुणाच्या हाती जातो?

६. दरात काय धरले आहे? जेवण, गाडी, वाटाड्या, कॉन्झर्व्हन्सीचे शुल्क, विमानपट्टीवरून ने-आण. राखीव रानाचे शुल्क वेगळे असते. २०२४ साली ते परदेशी प्रौढाला दिवसाला जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर असे झाले. स्वस्त वाटणाऱ्या कॅम्पचा दर हे मिळवल्यावर पुष्कळदा महागाच्या बरोबरीला येतो.

ज्याचे काम चोख आहे तो आकड्यांसह उत्तर देतो. जो नुसते फोटो पाठवतो, त्याचे उत्तर आपल्याला मिळाले असे समजावे.

खिशाचा अंदाज घेऊन माझा सल्ला असा : चारही रात्री महागड्या कॅम्पवर काढण्याची गरज नाही. एक दिवस राखीव रानात जाऊन नदी पाहावी, तेव्हा फाटकाबाहेर साध्या जागी राहावे. दोन रात्री कॉन्झर्व्हन्सीत काढाव्यात. नदी ओलांडणारे कळप जुलै ते ऑक्टोबरमध्ये दिसतात आणि दरही तेव्हाच सर्वांत चढे असतात. सिंह, चित्ते, हत्ती, जिराफ मात्र वर्षभर असतात. जानेवारी-फेब्रुवारीत रान मोकळे असते. एप्रिल-मे हा मोठ्या पावसाचा काळ. दर उतरतात, पण काळ्या मातीत गाडी रुतण्याची तयारी ठेवावी.

जाण्यापूर्वीची तयारी

पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच टोचून घ्यावी, आणि प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी. दाखला दहाव्या दिवसापासून लागू होतो. तो नसेल तर परत येताना विमानतळावर अडवून सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवू शकतात. हिवतापाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारावे. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा काढून टाकला, पण त्याऐवजी निघण्यापूर्वी संगणकावरून प्रवासाची परवानगी घ्यावी लागते. प्लॅस्टिकच्या पिशव्यांना तिथे २०१७ पासून बंदी आहे, तेव्हा चिवडा-लाडू कापडी पिशवीत किंवा डब्यात न्यावेत. नैरोबीहून लहान विमानाने जाणार असाल तर सामान माणशी पंधरा किलो, तेही मऊ पिशवीत. मोटारीने पाच-सहा तास लागतात आणि वाटेत मोठी दरी दिसते. पाठ मजबूत असेल तर हाच मार्ग घ्यावा, शेते पाहायला मिळतात. शाकाहारी असल्याचे आधी कळवावे. गुजराती मंडळी तिकडे पिढ्यान्‌पिढ्या असल्याने स्वयंपाक्यांना डाळ-भात ठाऊक असतो.

कृषी खात्यातला माणूस म्हणून एक कळकळीचे सांगणे. मोह झाला तरी तिथले बी, रोप, खुंट किंवा मातीचे ढेकूळ आणू नये. परवान्याशिवाय ते आणणे बेकायदा आहे, आणि एका पुडीतून नवा रोग किंवा तण सबंध तालुक्यात पसरू शकते. गुरांच्या वाड्यातून फिरलेली पायताणे तिथेच घासून धुवावीत. लाळ्या-खुरकूत चामड्याला चिकटून प्रवास करते.

आता कुणी म्हणेल, लाख रुपये घालून आफ्रिकेत जाणारे आपल्यात किती? थोडेच. पण हे प्रश्न घरच्या अंगणातही उपयोगी आहेत. आपल्या शिवारात रानडुक्कर आणि रोही पीक लोळवतात, बिबट्या शेळी नेतो, आणि ताडोबाच्या वेशीवर तंबू आणि रिसॉर्ट उभे राहत आहेत. आपली जमीन मागायला कुणी आला तर विकण्याची घाई करू नये. शेजाऱ्यांनी एकत्र बसावे, ठरलेला खंड मागावा, चराईचा आणि पाण्याचा हक्क कागदावर लिहून घ्यावा, आणि त्या कागदावर घरच्या लक्ष्मीचे नाव घालावे. मसाईंना हे सुचायला बरीच जमीन जावी लागली. आपण त्यांच्याकडे पाहुणे म्हणून गेलो तर सिंहाबरोबर एवढे तरी पाहून यावे.